दस्त्याचा पाळणा आणि कारागिराचे भांडवल

आपल्याकडील लहान कारागिराला "तुमचा धंदा का वाढत नाही?" असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "भांडवल नाही." भांडवल म्हणजे नेमके काय, असे पुढे विचारावे, तर तो नव्या यंत्राचे नाव घेतो, रस्त्यालगतच्या गाळ्याचे नाव घेतो, नाहीतर बँकेने नाकारलेल्या कर्जाची हकीकत सांगतो. या गोष्टींचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. परंतु कारागिराचे आणखी एक भांडवल असते. ते बाजारात मिळत नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही आणि ते उभे करण्यास फारसा पैसाही लागत नाही. ते म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने बनवलेले आणि स्वतःच्या चुका पाहून सुधारत नेलेले साधन. या भांडवलाकडे आपले कारागीर पुरेसे लक्ष देत नाहीत आणि ज्यांच्याकडे ते आहे ते लपवून ठेवतात, अशी आमची तक्रार आहे. ही तक्रार आधी स्वतःवर लावून पाहावी म्हणून उदाहरणही आम्ही आमच्याच दुकानातले घेतो.

आमचा धंदा

कोकणातील एका तालुक्याच्या गावी आमचे बंदूक दुरुस्तीचे परवानाधारक दुकान आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवण्यास, विकण्यास आणि दुरुस्त करण्यास परवाना लागतो. तेव्हा हे काम कोणी घरच्या ओटीवर करावे, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. आमचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शेतकरी. रानडुक्कर आणि माकडे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पुष्कळांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत. काही ठासणीच्या, काही एकनळी, आणि जुन्या घराण्यांतून आजोबा-पणजोबांच्या दुनळी.

हा धंदा वाढता नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक व त्यासोबत शौकीन गिऱ्हाईक गेले. ते योग्यच झाले. निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, मग आमचे टेबल महिना-दोन महिने रिकामे राहते. अशा धंद्यात टिकायचे असेल तर जे थोडे काम येईल ते असे करावे लागते की त्याची मजुरी मागताना जीभ अडखळू नये.

आमच्याकडे येणाऱ्या कामात लोखंडापेक्षा लाकूड जास्त असते. बंदुकीची नळी तीन पिढ्या टिकते, दस्ता टिकत नाही. बंदूक हातातून पडली की दस्ता बारीक मानेपाशी तडकतो. स्क्रू ढिले राहिले तर प्रत्येक बाराला लोखंड लाकडावर आदळत राहते आणि फट पडते. याहून मोठा शत्रू म्हणजे मालकाचे प्रेम. तो दर महिन्याला भरपूर तेल घालतो आणि बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवतो. ते तेल वर्षानुवर्षे खाली उतरते, दस्त्याच्या डोक्यात मुरते, आणि लाकूड काळे पडून भुसभुशीत होते. मग नवा दस्ता करावा लागतो. लाकूड परवडत असेल तर काश्मिरी अक्रोड, नसेल तर शिसम. साग आपल्या दारचा खरा, पण त्याचे बारीक कोरकाम आमच्या अनुभवात टिकत नाही. धार लागली की टोके उडतात.

चौकडी म्हणजे शोभा नव्हे

दस्ता घडवून, घासून, जवसाच्या तेलाचे हात देऊन झाला की शेवटचे काम उरते ते चौकडीचे. मुठीच्या दोन्ही अंगांना आणि पुढच्या लाकडावर तिरप्या रेषा एकमेकींना छेदून कोरतात, त्यांतून बारीक टोकदार चौकड्या उठतात. इंग्रजीत याला चेकरिंग म्हणतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. वास्तविक ती पकड आहे. आषाढात भिजलेल्या हाताने बंदूक धरणाऱ्या शेतकऱ्याला गुळगुळीत दस्ता आणि चौकडीचा दस्ता यांतील फरक सांगावा लागत नाही.

या कामाचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. इंचाला वीस रेषा हे मध्यम बारीक काम. चौकडीची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवली, तर दोन दिशांच्या रेषांमधला कोन सुमारे ३७ अंशांचा होतो आणि एका चौरस इंचात २४० चौकड्या बसतात. संपूर्ण बंदुकीवर वीस चौरस इंच काम असेल, तर ४८०० चौकड्या झाल्या. रेषांची लांबी मोजली, तर चौरस इंचाला ४० इंच, म्हणजे एकूण ८०० इंच. पण एका हातात रेष पूर्ण खोल होत नाही. पहिला हात आखणीचा, दुसरा खोलीचा, तिसरा टोके काढण्याचा. तीन हात धरले तर २४०० इंच, म्हणजे तब्बल दोनशे फूट कोरणी. त्या दोनशे फुटांत हत्यार एकदा जरी घसरले, तरी ते आयुष्यभर दिसत राहते. लाकडात भर घालता येत नाही, फक्त काढता येते.

आणि ही कोरणी सपाट फळीवर नसते. मूठ गोल असते, खाली वळते, मागे जाड होते. रेष त्या वळणावरून न थांबता न्यावी लागते. म्हणजे उजव्या हाताने हत्यार पुढे सरकत असताना डाव्या हाताने लाकूड त्याच गतीने फिरले पाहिजे. साऱ्या कामाचे मर्म येथे आहे. चौकडी बिघडते ती बहुतेक वेळा कोरणाऱ्या हातामुळे नव्हे, तर धरणाऱ्या हातामुळे.

एक नुकसान

हे आम्हाला नुकसान सोसून कळले. पूर्वी आम्ही दस्ता गोणपाटात गुंडाळून व्हाईसमध्ये आवळत असू. थोडे कोरायचे, व्हाईस सैल करायची, दस्ता बोटभर फिरवायचा, पुन्हा आवळायची. एका बाजूच्या कामात हे तीस-चाळीस वेळा होई. दर वेळी दस्ता मागच्याच कोनात बसेल याची खात्री नसे. मग डोळा रेषेवर ठेवण्याऐवजी व्हाईसवर ठेवावा लागे.

एका गिऱ्हाइकाने दुनळी आणून दिली. "भाई, आजोबांची निशाणी आहे, जपून करा," एवढेच तो म्हणाला. दस्ता मूळचाच, अक्रोडाचा. चौकडी झिजून सपाट झाली होती, ती पुन्हा उठवायची होती. शेवटच्या दिवशी, शेवटच्या कोपऱ्यात, गोणपाट किंचित सरकले. हत्यार सीमारेषा ओलांडून अर्धा इंच पुढे गेले. तो ओरखडा काढण्यासाठी आम्ही सीमा बाहेर सरकवली, मग दुसरी बाजू जुळेना म्हणून तीही सरकवली, आणि अखेर मुठीचा मूळ घाटच गेला. आम्ही गिऱ्हाइकाला खरे ते सांगितले, स्वतःच्या खर्चाने नवा दस्ता करून दिला. त्याने पैशांची तक्रार केली नाही. जुना दस्ता मात्र तो कापडात गुंडाळून घरी घेऊन गेला. ते कापडाचे गाठोडे आम्ही अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री आम्ही हिशोब केला. अक्रोडाचा ठोकळा गेला, महिन्याची मेहनत गेली. त्यापुढे चार चांगल्या कानसी आणि एक नवे हत्यार काहीच नव्हते. पण दोष हत्यारात नव्हताच. दोष होता धरण्यात.

पहिला पाळणा

परदेशात दस्त्याचे काम करणारे कारागीर यासाठी एक चौकट वापरतात. इंग्रजीत तिला क्रेडल, म्हणजे पाळणा म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. दोन टोकांना दोन खुंट, मध्ये आडवे बाळ, आणि ते बाळ आपल्या आसाभोवती फिरते. अमेरिकेत माँटी केनेडी यांनी दस्त्यावरील चौकडी आणि कोरीवकाम या एकाच विषयावर संपूर्ण पुस्तक लिहिले आहे. तेथे हौशी माणूसही असा पाळणा घरी बनवून घेतो. आम्ही चित्र पाहिले आणि आपल्याला जमेल तसा बनवला.

तीन फूट लांबीची जाड सागाची पट्टी घेतली. तिच्या दोन टोकांना एक-एक वीतभर उंचीचे खुंट ठोकले. एका खुंटातून लांब बोल्ट घालून त्याचे अणकुचीदार टोक दस्त्याच्या टाचेत, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, रुतवले. दुसऱ्या खुंटावर लाकडी गुल्ली बसवून ती दस्त्याच्या डोक्यातील खाचेत घातली. पट्टी व्हाईसमध्ये आवळली. दस्ता फिरू लागला. दुकानात सर्वांना आनंद झाला.

तो आनंद पावसाळ्यापर्यंत टिकला. नंतर एकेक दोष दिसू लागला. पावसाळी हवेने सागाची पट्टी पिळली गेली, दोन्ही खुंट एका रेषेत राहिले नाहीत आणि दस्ता फिरताना अडकू लागला. बोल्टच्या टोकाने टाचेत भोक पडे, ते लपवण्याचे वेगळेच काम होऊन बसले. जोर दिला की पट्टी लवे आणि हत्यार थरथरे. थरथरलेल्या हत्याराची रेष करवतीच्या दातांसारखी उमटते. सर्वात मोठा दोष तर ध्यानात यायलाच सहा महिने लागले. दस्ता सरळ काठी नसतो. त्याची टाच नळीच्या रेषेपासून दोन-अडीच इंच खाली असते. दोन टोकांच्या मध्यावर धरून तो फिरवला, की मूठ आसाबाहेर राहते आणि फिरताना वर-खाली झोके घेते. आम्ही रेष सरळ नेत होतो, पण लाकूडच हत्याराखालून सटकत होते.

येथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. याच टप्प्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण साधन टाकून देतात. "आपल्याकडे हे चालत नाही, विलायती पाहिजे," असे म्हणून जुन्या सवयीकडे परततात. पहिले साधन बिघडले म्हणजे कल्पना चुकली, असा अर्थ आपण काढतो. खरे तर पहिल्या साधनाचे कामच दोष दाखवण्याचे असते. ते काम आमच्या सागाच्या पट्टीने चोख केले.

सुधारणा

आम्ही एक वही केली. डाव्या पानावर दोष, उजव्या पानावर उपाय, खाली तारीख. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यावर दोन दस्ते पूर्ण झाल्याशिवाय पुढचा बदल करायचा नाही, असा नियम ठेवला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिला बदल पट्टीचा. भंगारातून चौकोनी लोखंडी पाइप आणला, वेल्डिंगवाल्याकडून त्यावर अँगलचे दोन खुंट लावून घेतले. एक खुंट पक्का, दुसरा सरकता, म्हणजे लहान-मोठा दस्ता बसतो. लोखंड पावसात पिळले जात नाही आणि वजनामुळे थरथर निम्म्याहून कमी झाली. पाइपमध्ये कोरडी वाळू भरून तोंडे बंद केली, तेव्हा उरलेलीही जवळपास गेली.

दुसरा बदल टाचेचा. अणकुचीदार बोल्ट काढून त्या जागी लाकडी वाटी बसवली. टाचेच्या आकाराची, आत जुन्या चपलेचे चामडे चिकटवलेली. मागून स्क्रूने दाब दिला की दस्ता घट्ट बसतो, डाग पडत नाही. दस्त्याच्या डोक्याकडील गुल्लीही प्रत्येक जातीच्या बंदुकीसाठी वेगळी कोरून ठेवली. आता खिळ्यावर आठ-नऊ गुल्ल्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीवर खूण आहे.

तिसरा बदल फिरण्याचा. येथे आम्ही अतिशहाणपणा केला तोही सांगतो. दस्ता सुळसुळीत फिरावा म्हणून सायकलच्या पुढच्या चाकाचा हब आणून बसवला. तो इतका छान फिरू लागला की हात काढला की दस्ता आपल्या वजनाने गरकन उलटा होई. मग समजले की पाळण्यात सहज फिरणे हा गुण नव्हे. जेथे सोडू तेथे थांबणे हा गुण आहे. हबमधील छर्रे काढून टाकले, दोन्ही बाजूंना चामड्याचे जाड वायसर घातले आणि बाहेरून विंग नट लावला. बोटांनी तो अर्धा आटा फिरवला की ओढ कमी-जास्त होते. कधी-कधी सुधारणा म्हणजे आधीची सुधारणा मागे घेणे असते.

चौथा बदल सर्वात मोलाचा. दोन्ही खुंटांत भोकाऐवजी उभी लांब खाच पाडली. आता दस्त्याचे कुठलेही टोक वर-खाली करता येते. मुठीचे काम असेल तेव्हा मूठच आसावर आणायची, मग टाच कितीही झोके घेवो. कोरायचा भाग जागच्या जागी फिरतो आणि हत्याराचा कोन बदलत नाही. या एका खाचेने आमच्या कामात जो फरक पडला, तो कोणत्याही विकतच्या हत्याराने पडला नव्हता.

याशिवाय पाळण्याखाली एकच जाड बोल्ट ठेवून तो टेबलावर बसवला, त्यामुळे सबंध पाळणा घड्याळाच्या काट्यासारखा आडवाही फिरतो आणि कारागिराला वाकडे बसावे लागत नाही. उंची बसलेल्या माणसाच्या कोपराएवढी ठेवली. दिवा डोक्यावरून काढून डाव्या बाजूला, खाली आणला. तिरप्या उजेडात प्रत्येक रेषेची सावली पडते आणि उथळ रेष लपू शकत नाही. पुढच्या लाकडासाठी नळीच्या जागी बसणारी गोल काठी केली, लाकूड त्याच्याच स्क्रूने तिच्यावर आवळले जाते.

या साऱ्याला विकत घेतले असे थोडेच लागले. पाइप, बोल्ट, विंग नट आणि वेल्डिंगची मजुरी. बाकी सर्व भंगार. पण त्यामागे वहीची चाळीस पाने आहेत, आणि आमच्या मते खरे भांडवल ती पाने आहेत.

दोन आक्षेप

आमच्याच क्षेत्रातील काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हुन्नर हातात असते, सांगाड्यात नव्हे. जुन्या उस्तादांनी दस्ता मांडीवर धरून कोरला, त्यांना पाळणा लागला नाही. आम्ही त्या उस्तादांच्या पायाची धूळ आहोत. पण त्यांच्यापैकी किती जणांनी आपले काम दुसऱ्याला शिकवले? मांडीवर धरण्याची कला वीस वर्षांनी येते आणि माणसाबरोबर कबरीत जाते. पाळणा ती वीस वर्षे मुलाच्या हाती पहिल्या दिवशी देत नाही, हे खरे. मात्र धरण्याची चिंता काढून घेऊन कोरण्याकडे त्याचे सारे लक्ष मोकळे करतो. पूर्वी आमच्या दुकानात चौकडी एकच माणूस करू शके. आज तिघे करतात. एक आजारी पडला तर गिऱ्हाईक परत जात नाही. धंद्याच्या भाषेत याहून मोठा नफा कोणता?

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. तरुण म्हणतात, आता यंत्राने, लेसरने चौकडी निघते, प्लास्टिकचे दस्ते आले, हाताचा उपद्व्याप कशाला? नायलॉनचा दस्ता असलेली रायफल अमेरिकेत १९५९ सालीच बाजारात आली होती, तेव्हा ही स्पर्धा कालची नव्हे. मोठ्या कारखान्याशी संख्येत स्पर्धा करण्याचा विचारही आपण करू नये. पण एक जुना दाखला पाहावा. विंचेस्टर या नामांकित कंपनीने १९६४ साली आपल्या मॉडेल ७० रायफलीत खर्च वाचवण्यासाठी अनेक बदल केले. त्यांत कोरलेली चौकडी जाऊन ठशाने दाबलेली चौकडी आली. दाबलेल्या चौकडीला धारदार टोके नसतात, ती हाताला पकड देत नाही. गिऱ्हाइकांनी ते बदल मनावर घेतले. साठ वर्षे उलटली तरी जुन्या रायफलींच्या बाजारात "चौसष्टच्या आधीची आहे का?" हा प्रश्न विचारला जातो आणि आधीचीला जास्त दाम मिळतो. यंत्र वाईट होते असे नव्हे. पकड देणारी वस्तू काढून दिसणारी वस्तू दिली, ते गिऱ्हाइकाच्या बोटांना कळले. आणि मोडलेला जुना दस्ता दुरुस्त करून त्याच्या उरलेल्या अर्ध्या चौकडीशी नवी चौकडी जुळवणे, हे काम कारखाना करत नाही. ते लहान दुकानाचेच आहे.

लपवण्याची खोड

आता मूळ तक्रारीकडे येतो. हा पाळणा पूर्ण झाल्यावर आमच्या मनात पहिला विचार काय आला असेल? तो पडद्याआड ठेवावा! गिऱ्हाईक आले की वरून चादर टाकावी! आम्ही वर्षभर तसे केलेही. आज त्याची लाज वाटते.

आपल्या कारागिरांत ही खोड खोल रुजली आहे. युक्ती मुलालाही शेवटी सांगायची, जावयाला तर मुळीच नाही. भीती अशी की दुसऱ्याला कळले तर आपली रोजी जाईल. पण इतिहास काय सांगतो? मीर कासिमने १७६० च्या दशकात बंगालची राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि तेथे बंदुकांचे काम उभे केले. त्याचे राज्य लवकरच गेले, पण मुंगेरचे नाव आजही बंदुकांसाठी घेतले जाते, कारण तेथे हे काम एका घराची तिजोरी राहिले नाही, गावाचा धंदा झाले. श्रीनगरच्या रैनावारी भागात बंदूक खार मोहल्ला आहे. खार म्हणजे लोहार. सबंध मोहल्ल्याला ज्या धंद्याने नाव दिले, त्याचे कारखाने आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. याची कारणे अनेक आहेत आणि ती आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. एवढेच म्हणतो की धंदा आक्रसू लागला, की लपवून ठेवलेली युक्ती सर्वात आधी नाहीशी होते.

आपल्या मिरजेचे उदाहरण तर अधिक जवळचे. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले, हत्यारांचे काम आटले. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी तोच हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळवला आणि सतार-तंबोरे घडवले. ते त्यांनी मोहल्ल्यात पसरू दिले, म्हणून आज मिरज हे वाद्यांचे गाव आहे आणि तेथील सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यार गेले, हात राहिला. कारण हात एकट्याचा नव्हता.

आमचा पुतण्या याच दुकानात तीन वर्षे आहे. त्याचा पासपोर्ट तयार आहे, आखातातून बोलावणे आले की जाईल. त्याने एकदा आम्हाला सरळच विचारले, "चाचा, बंदुकाच राहणार नाहीत, तर हे शिकून काय करू?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याला उत्तर देण्याऐवजी पाळण्यात एक तुटकी काठी लावून दिली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चालण्याच्या काठीची मूठ, घसरते म्हणून आणलेली. त्याने तिच्यावर चौकडी काढली. नंतर सुऱ्यांच्या मुठी आल्या. नेमबाजी शिकणाऱ्या एका मुलाच्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ त्याच्या पंजाप्रमाणे घडवायला आली. पाळण्याला आत काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. वाकडे-तिकडे लाकूड असावे आणि ते हाताने धरायचे असावे, एवढे पुरे. पुतण्या जाईल की राहील, आम्हाला ठाऊक नाही. पण मागच्या आठवड्यात त्याने वहीतून पाळण्याची मापे उतरवून घेतली, हे आम्ही पाहिले.

काय करावे

मोठे उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. चार साध्या सूचना करतो. पहिली, आपल्या कामात नुकसान नेमके कोठे होते ते शोधा. पुष्कळदा ते कापण्यात नसते, धरण्यात, मोजण्यात किंवा उजेडात असते. दुसरी, कर्ज काढून यंत्र घेण्यापूर्वी भंगारातून साधन करून पाहा. ते पुरले नाही तर निदान कोणते यंत्र हवे ते तरी कळेल. तिसरी, वही ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि फसलेला बदलही लिहा. चौथी, साधनावर चादर टाकू नका.

ही शेवटची सूचना पाळणे सर्वात कठीण आहे. पण विचार करा, आमचा पाळणा पाहून गावात दुसऱ्या कोणी तसाच केला तर आमचे काय जाईल? कदाचित दोन दस्ते त्याच्याकडे जातील. आणि त्याने आमच्या खाचेत आम्हाला न सुचलेली आणखी एक सुधारणा केली, तर ती पाहायला आम्हीही त्याच्या दुकानात जाऊ शकू. चादर टाकून बसलो तर आपली सुधारणा जेथे थांबली तेथेच थांबते.

आमच्या पाळण्यावरची चादर आम्ही काढली आहे. ज्या कोणा सुताराला, मिस्त्रीला मापे हवी असतील त्याने दुकानात यावे, चहा घ्यावा आणि वही उघडून बसावे. फक्त एकच अट आहे. स्वतःचा पाळणा झाला की त्याचे दोष आम्हाला येऊन सांगावेत.